सगळंच एरर आहे

सर्व्हरवरच्या सर्व्हिसने लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नोंदवहीत, किती बोलायचं हे ठरवणं, एवढंच माझं काम. ऐकायला किती सोपं वाटतं ना. लिनक्सवर त्यासाठी आठ लेव्हल आहेत, इमर्जन्सी, अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटीस, इन्फो आणि डीबग. पण इमर्जन्सीचा नंबर शून्य आणि डीबगचा सात, म्हणजे आकडा जेवढा लहान तेवढी बोंब मोठी, आणि 'लेव्हल वाढव रे' म्हणलं की एकजण आकडा वाढवतो, दुसरा गांभीर्य वाढवतो, दोघं बरोब्बर उलट्या टोकाला जाऊन पोचतात.

ह्या लेव्हल जिथून आल्या तो सिसलॉग, म्हणजे लॉग गोळा करायची पद्धत, मुळात एरिक ऑलमनने १९८० च्या दशकात सेंडमेल नावाच्या मेल प्रोग्रॅमसाठी काढला, तो सगळ्यांनाच आवडला आणि गळ्यात पडला. २००९ च्या आरएफसी ५४२४ या सिसलॉगच्या नियमपत्रकात मेसेज कुणाकडून आला ते सांगणारी यादी आहे, त्यातसुद्धा लाइन प्रिंटर आणि यूयूसीपी (एका युनिक्स मशीनवरून दुसऱ्यावर फाइल पाठवायची जुनी पद्धत) यांना हक्काची जागा आहे. यूयूसीपी आमच्या ऑफिसात कुणी डोळ्यांनी बघितलेलं नाही, पण त्याची सीट रिझर्व्ह, आणि आमची पेमेंट सर्व्हिस बिचारी लोकल-झिरो ते लोकल-सेव्हन या मोकळ्या खान्यांमध्ये कुठंतरी अंग चोरून बसलीये.

बरं आठ लेव्हल असल्या तरी कोड लिहिणाऱ्यांना दोनच माहीत, एरर आणि डीबग. मी लॉगमध्ये वाचलेली ओळ सांगतो, "एरर : डेटाबेस कनेक्शन सक्सेसफुल". लिहिणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "दादा, प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवर, इन्फो बंद असतं ना, मग मला दिसणार कसं? म्हणून एरर टाकलं." यावर काय बोलणार, लॉजिक बिनतोड आहे.

आणि डीबग म्हणजे गावाहून आलेली आत्या, तब्येत विचारली की एसटी स्टँडवर किती वाजता पोचले तिथपासून सुरू. "दहा मिनिटं डीबग लावा फक्त" असं तिकीट येतं. लावायची आठवण सगळ्यांना असते, काढायची कुणालाच नसते, मग रात्री कधीतरी डिस्कवरचं लॉग साठवायचं 'वार' नावाचं पार्टिशन शंभर टक्के भरतं आणि माझा फोन वाजतो. तोवर कुणीतरी हुशारी करून ती भलीमोठी फाइल उडवलेली असते. फाइली मोजणारी डीयू कमांड सांगते फोल्डर रिकामा, डिस्क मोजणारी डीएफ सांगते डिस्क फुल्ल, कारण सर्व्हिसने ती फाइल अजून उघडीच धरलेली असते आणि सर्व्हिस रिस्टार्ट होईपर्यंत एक एमबी परत मिळत नाही. उघड्या फाइली दाखवणारी एलएसओएफ कमांड मारली की नावापुढं 'डिलीटेड' लिहून ती फाइल तिथं मजेत बसलेली दिसते.

त्या मानाने जर्नलडी, लिनक्सवर लॉग सांभाळणारा प्रोग्रॅम, समंजस. डीफॉल्टला डिस्कच्या दहा टक्क्यांवर जात नाही, ४ जीबीच्या वर तर नाहीच, जुनं आपोआप काढून टाकतो. एखादी सर्व्हिस फारच बडबडायला लागली, म्हणजे ३० सेकंदांत १०,००० ओळींच्या वर (डिस्क मोकळी असेल तर थोडी सूट), की तो तिचं तोंड बंद करतो आणि इतके मेसेज दाबले म्हणून एक ओळ टाकतो. आपल्याला पाहिजे असलेली ओळ त्या दाबलेल्यांतच असते, हे काय वेगळं सांगायला नको.

शेवटी मीटिंग झाली. ठरलं की ज्यासाठी माणसाला उठून काहीतरी करावं लागेल तेच एरर, बाकी सगळं खाली. मी खूश. पुढच्या रिलीजला लॉग उघडला तर एरर लेव्हलला शुकशुकाट, आणि इन्फो लेव्हलला ओळी, "इन्फो : एरर : पेमेंट फेल झालं". पोरांनी लेव्हल बदलली होती, बाकी जैसे थे, आणि प्रॉडक्शनला मी वॉर्निंगच्या खालचं सगळं बंद ठेवतो, त्यामुळं पैसे अडकले तरी लॉग कोरा करकरीत.

संध्याकाळी मॅनेजरचा मेल आला, एरर इतक्या कमी केल्याबद्दल टीमचं हार्दिक अभिनंदन. सीसीमध्ये मी होतो.