एक दिवस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते

दादाने माहेरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि खाली लगेच अंगठे आले. मेसेज असा: येल विद्यापीठात १९५३ साली ज्या ३ टक्के मुलांनी ध्येय लिहून ठेवलं, ती पुढे उरलेल्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त श्रीमंत झाली. तेव्हा ध्येय लिहा, रोज डोळे मिटून यश बघा आणि सलग २१ दिवस पाळा. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

एरवी मी असले मेसेज न वाचताच पुढे जाते. पण गेल्या आठवड्यात भाचीच्या खोलीवर गेले. एमपीएससीचा अभ्यास करते ती. भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने आकडे घातलेले: १, २, ३... १६ पर्यंत, मग पुन्हा १. पुढे ९ पर्यंत, परत १. "मावशी, सतराव्या दिवशी ताप आला गं, पहाटे उठणं चुकलं. माझ्यातच दम नाही."

म्हणून आधी या २१ चंच बोलते. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनचा, १९६० चा. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. फॉरवर्ड होता होता त्यातलं 'किमान' गळालं. आरशातल्या चेहऱ्याला सरावणं आणि पहाटे पाचला उठून राज्यघटना वाचणं, यांचा संबंध काय?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे नीट तपासलं. निष्कर्ष २०१० मध्ये आले. ९६ जणांनी एकेक साधी गोष्ट बारा आठवडे रोज करायची होती. ती अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि दादा, हे तर दोनदा वाच: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे माझ्या भाचीचे ते सोळा दिवस वाया गेलेच नव्हते. या मेसेजने ते तिच्याकडून खोडून घेतले.

येलचा तो अभ्यास झालाच नाही, हे येलच्या ग्रंथालयानेच सांगून टाकलं आहे. ध्येय लिहिण्याचं म्हणाल तर तेवढं मान्य. 'जमेल तेवढं करू' यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय ठेवलं की काम जास्त होतं, हे लॉक आणि लेथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं आहे. लिहायला बसलं की नेमकं ठरवावं लागतं, एवढाच त्याचा उपयोग.

डोळे मिटून निकाल बघण्याचं मात्र सोडा. फाम आणि टेलर यांच्या १९९९ च्या प्रयोगात, चांगले मार्क मिळाल्याचं चित्र रंगवणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा आपण अभ्यासाला कसे बसतोय ते डोळ्यांपुढे आणणाऱ्यांना जास्त मार्क पडले.

भाचीबरोबर बसून मी दोनच ओळी लिहिल्या. चहाचा कप खाली ठेवला की पुस्तक उघडायचं. पहाट चुकली तर रात्री जेवणानंतर एक तास. 'असं झालं तर असं करीन' हे आधीच ठरवून ठेवण्यावर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांचं बरंच काम आहे, ते तिला सांगितलं. लाल आकडे तिने स्वतःच खोडले.

दादा, तो मेसेज काढून टाक. आणि तिला एक फोन कर.