‘ट्रायल’चे नाव काढले की उठून यायचे का?

कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये बीडपासून हिंगोलीपर्यंत एक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: सरकारी आणि धर्मादाय कॅन्सर रुग्णालयांत ‘ट्रायल’ (नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी) म्हणून गरिबांचा अंगठा घेतात, निम्म्यांना नुसत्या खडूच्या गोळ्या देतात, रुग्ण दगावला तर हात वर करतात आणि औषध सिद्ध झाले की त्याचा फायदा परदेशाला होतो, सबब ट्रायलचे नाव निघताच रुग्णाला घेऊन उठून या. या भीतीला इतिहास आहे, हे आधीच मान्य करतो. पण संदेशातले बहुतेक आरोप चुकीच्या जागी बोट ठेवतात, आणि त्यातला सल्ला जिवावर बेतणारा आहे.

अंगठ्यापासून सुरुवात करू. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, असावे लागते. रुग्णाला वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर ते वाचून दाखवावे लागते आणि अंगठ्याशेजारी त्या साक्षीदाराची सही लागते. एक प्रत रुग्णाला द्यावीच लागते, आणि तिच्यावर डॉक्टरांचा तसेच ट्रायलला मंजुरी देणाऱ्या व तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीचा संपर्क असतो. या समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांपैकी निम्मे त्या संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक कायदा जाणणारा व एक सामान्य नागरिक असावा लागतो. प्रत हातात न देता कोणी नुसता अंगठा मागत असेल, तर तो देऊ नये. एवढा भाग संदेशात असता तर मीही तो पुढे पाठवला असता.

खडूच्या गोळ्यांचा आरोप ऐकायला भयंकर वाटतो. ज्या कर्करोगावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहे, तिथे तो काढून घेऊन नुसती निष्क्रिय गोळी देणे संशोधनाच्या मान्य नियमांत बसत नाही. एका गटाला प्रचलित उपचार आणि दुसऱ्याला नवा उपचार, किंवा दोघांनाही प्रचलित उपचार देऊन एकाला वर नवे औषध व दुसऱ्याला तशीच दिसणारी गोळी, अशी सर्वसाधारण मांडणी असते. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, डॉक्टरांच्या मर्जीने ठरत नाही.

मात्र उपचाराविना ठेवलेल्या गटाबद्दल खरा वाद झालेला आहे, आणि तोही मराठवाड्यातल्याच अभ्यासावरून. संदेश लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नसावा. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो चालवला. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना त्यात घेतले. काहींची हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, काहींची पेशींची, काहींची अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथ्या गटाला माहिती मिळाली, पण अभ्यासातर्फे तपासणी झाली नाही. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले: एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४.

पेशींची तपासणी उपयोगी आहे हे जगाला आधीच ठाऊक असताना चौथा गट कोरा का ठेवला, असा आक्षेप पुढे घेतला गेला. त्या वेळी या स्त्रियांना एरवीही कुठली तपासणी मिळत नव्हती, असे त्यावरचे उत्तर. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. तरीही आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हे जगाला धाराशिवच्या खेड्यांनी दाखवले, हेही नाकारता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आज प्राथमिक तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणीचीच शिफारस करते. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कुठलीही तपासणी कधीतरी झालेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आहे. संताप करायचाच तर इथे करावा.

‘हात वर करतात’ हे २०१३ पूर्वी बऱ्याच अंशी खरे होते. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला फैलावर घेतल्यानंतर नियम बदलले, आणि २०१९ च्या नव्या नियमांनी ते एकत्र केले. आता ट्रायलमधल्या रुग्णाला गंभीर इजा झाल्यास डॉक्टरांनी ती २४ तासांत कळवावी लागते. ट्रायलमुळे मृत्यू झाल्याचे ठरले तर वय व आजाराची अवस्था पाहून सूत्रानुसार भरपाई ठरते, आणि त्या सूत्रातली मूळ रक्कम ८ लाख रुपये आहे. नियम आहे म्हणजे अंमलबजावणी आपोआप होते असे नाही. म्हणून संमतिपत्राची प्रत केसपेपरसोबत जपून ठेवावी.

परदेशाच्या फायद्याबद्दल थोडक्यात. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की नंतर उद्भवल्यावर, हा प्रश्न मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या ट्रायलने २०१५ मध्ये सोडवला: पहिल्याच शस्त्रक्रियेत गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, नंतर काढण्याची वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. त्यात विकायला औषधच नव्हते. त्याच रुग्णालयाने पुढे निवोलुमॅब हे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, प्रचलित औषधांच्या जोडीला देऊन पाहिले, आणि डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात वर्षभर जगणारे १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. आपलेच औषध कमी खपावे म्हणून कोणती कंपनी ट्रायल करील? गुटख्याने पोखरलेल्या आपल्या जिल्ह्यांना या दोन्ही उत्तरांची गरज लंडनपेक्षा जास्त आहे.

राहिला उठून येण्याचा सल्ला. ट्रायलला नकार देता येतो, मधूनही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. उठून आलेल्या रुग्णाचे मात्र ट्रायलसोबत शेक (किरणोपचार) आणि केमोही सुटतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शेकाचा संपूर्ण कोर्स साधारण आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. तो लांबला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. तेव्हा ‘ट्रायल नको, नेहमीचे उपचार चालू ठेवा’ एवढे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि दुसऱ्या दिवशी शेकाच्या वेळेला हजर राहावे.