साठ हजार गुणिले शंभर

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला सहा जणांनी पाठवला. शेवटचा साताऱ्याहून मामांचा, आणि त्याखाली त्यांची एक ओळ: ‘यातलं खरं किती, तूच सांग.’ मजकूर थोडक्यात असा: जर्मनीत पगार 60 हजार युरो, म्हणजे आपले 60 लाख, शिक्षण फुकट, दवाखाना फुकट, घरभाडं सरकारनं गोठवलेलं, मालक एक पैसा वाढवू शकत नाही, दूध-भाजी आपल्यापेक्षा स्वस्त, आणि माणसांची एवढी टंचाई की वर्षाला चार लाख परदेशी हवेत, विमानात बसायचा अवकाश.

मी नऊ वर्षं श्टुटगार्टमध्ये राहतोय. मामांना चार ओळी लिहायला बसलो आणि हे झालं. आकडे 2025 चे आहेत.

आधी ते 60 लाख. पहिली गोष्ट, 60 हजार हा कुणी आल्या आल्या हातात ठेवत नाही. पूर्णवेळ काम करणाऱ्यांचा मधला पगार, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे ज्याच्या खाली, वर्षाला 52 हजारांच्या आसपास आहे. पण धरू या 60. महिन्याला 5,000. आता एकट्या, बिनलग्नाच्या, मूलबाळ नसलेल्या माणसाची पगाराची स्लिप वरून खाली वाचू. पेन्शनचे 465. बेकारी विम्याचे 65. आरोग्य विम्याचे साधारण 427. म्हातारपणी किंवा अपंगत्व आल्यास लागणाऱ्या शुश्रूषेच्या विम्याचे 120, त्यात मूल नसल्याबद्दलचा जादा भार धरलेला. (हो, तसा भार आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आत्याबाईंचा आवाज ऐकू आला.) मग आयकर, 800 च्या जवळपास. हातात पडतात सुमारे 3,125. म्हणजे निघालेल्या शंभरातले साडेसदतीस वाटेतच उतरतात.

याच स्लिपचा फोटो टाकून ‘जर्मनीत निम्मा पगार टॅक्समध्ये जातो’ असं रडणारा दुसरा एक मजकूर फिरतो, तोही तितकाच फसवा. कर इथे 16 टक्के आहे. उरलेला विमा आहे, आणि त्यात मालकाला आपल्या पगाराव्यतिरिक्त जवळजवळ तेवढीच भर घालावी लागते. नोकरी गेली तर साधारण वर्षभर हातातल्या पगाराच्या 60 टक्के मिळतात, मूल असेल तर 67. आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार. हे पैसे गेले म्हणणं आणि हे पैसे हातात आहेत म्हणणं, दोन्ही चूक.

आता शंभरानं गुणणं. युरोचा भाव शंभर रुपयांच्या घरात आहे, हे खरं. पण तो भाव साताऱ्यात पैसे पाठवणाऱ्याच्या कामाचा. इथे भाकरी विकत घेणाऱ्याच्या नाही. देशादेशांतल्या किमतींची तुलना करून क्रयशक्तीचा दर काढतात. अमेरिकेत एका डॉलरला जे येतं त्याला भारतात साधारण 20 रुपये पडतात, जर्मनीत साधारण 70 सेंट. भागाकार करा: इथला एक युरो म्हणजे तिकडचे 28-30 रुपये. हातातले 3,125 युरो त्या हिशेबानं महिना नव्वद हजारांच्या आसपास जातात. पुण्यात नव्वद हजारांत एकटा माणूस नीट राहतो, तसाच इथेही राहतो. नीट. राजासारखा नाही. महिन्याला पाचशे-हजार युरो शिल्लक पडले आणि ते गावी पाठवले तर मात्र त्यांना शंभरानं गुणायला माझी हरकत नाही. गुणाकार शिल्लकेचा करायचा असतो, पगाराचा नाही.

ही शिल्लक सगळ्यात जास्त खातं ते घर. ‘भाडं गोठवलंय’ ही बातमी एके काळी खरी होती, पण फक्त बर्लिनपुरती. 2020 मध्ये बर्लिन राज्यानं भाड्यावर मर्यादा घातली आणि एप्रिल 2021 मध्ये कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयानं तो कायदाच रद्द केला: भाड्याचा विषय केंद्राच्या अखत्यारीतला, राज्याच्या नाही. कित्येक भाडेकरूंना वाचवलेला फरक मालकाला परत करावा लागला. मजकूर पाठवणाऱ्यांपर्यंत ही दुसरी बातमी अजून पोचलेली नाही. आज देशभर आहे तो लगाम: टंचाईच्या शहरांत नवीन भाडं परिसरातल्या भाड्यापेक्षा दहा टक्क्यांहून वर नेता येत नाही. ऑक्टोबर 2014 नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं त्यातून सुटलेली. आणि चालू भाडेकरूचं भाडं तीन वर्षांत 20 टक्क्यांपर्यंत, टंचाईच्या जागी 15 टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. एक पैसा नाही म्हणे!

शिवाय जाहिरातीत दिसतं ते ‘थंड’ भाडं. त्यावर हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई चढली की ते ‘उबदार’ होतं. वीज आणि इंटरनेट त्याहूनही वेगळे. वर्षाच्या शेवटी प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब येतो. 2022 च्या हिवाळ्याचा माझा हिशेब आला तेव्हा जादा भरायचे 640 युरो निघाले होते. रशियाचा गॅस बंद झाला ही बातमी मी पेपरात वाचली होती. त्या कागदावर ती मला कळली.

आणि स्वयंपाकघर. माझं पहिलं घर बघायला गेलो तर छतातून वायरी लोंबत होत्या, दिवा नाही. स्वयंपाकघर म्हणून जी खोली दाखवली तिच्यात भिंतीतून बाहेर आलेला एक पाण्याचा पाइप आणि शेगडीसाठीचं एक कनेक्शन. ओटा नाही, सिंक नाही, फडताळं नाहीत. आधीचा भाडेकरू म्हणाला, सगळं माझं आहे, 2,000 युरो द्या नाहीतर मी काढून नेतो. कायद्यात यात गैर काही नाही; बऱ्याच घरांत ओटा भाडेकरूचाच असतो. वर तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी अनामत. पहिल्या पगाराआधीच घरात सहा हजार युरो गाडले गेले. हे त्या मजकुरात कुठे बसवायचं?

शिक्षण. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही, 2014 पासून कुठल्याच राज्यात सरसकट फी उरली नाही, हे मान्य. पण ज्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये मी राहतो, तिथे 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला 1,500 युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं 2024 पासून त्याहून मोठी फी सुरू केली. फी नसली तरी व्हिसाला 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, महिन्याला त्यातले 992 काढता येतात. म्हणजे निघायच्या आधी घरातून बारा लाख उभे करायचे. हे पैसे फी नव्हेत, आपल्याच पोटाचे आहेत, पण कर्ज काढणाऱ्या बापाला हा फरक सांगून बघा. ‘फुकट’ म्हणत एजंट ज्या खासगी संस्थांत मुलं नेऊन घालतात, तिथे तर पूर्ण फी असते.

दवाखान्याबद्दल मजकूर खोटा आहे आणि तरीही मी त्यावर चिडत नाही. फुकट नाही, कारण वर पाहिलेले 427 माझे आणि तेवढेच मालकाचे, दर महिन्याला, ताप आला नाही तरी. त्वचेच्या डॉक्टरची वेळ मला तीन महिन्यांनंतरची मिळाली; तोवर पुरळ बरं झालं होतं. पण अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, चार दिवस भरती होतो, आणि घरी बिल आलं ते 40 युरोंचं. दिवसाला दहा, बस. मामांच्या हर्नियाच्या वेळी आम्ही पुण्यात काउंटरवर आधी डिपॉझिट भरायला धावलो होतो, ते आठवलं.

दूध-भाजी? इथे मजकूर बराचसा बरोबर आहे. लिटरभर दूध युरोच्या आसपास, कणीक, बटाटे, दही स्वस्तच म्हणायचे. पगाराच्या मानानं वाणसामान इथे खरंच हलकं पडतं. माल स्वस्त, माणूस महाग, असा हा देश आहे. केस कापायला तीस युरो. नळ दुरुस्त करणारा दारात उभा राहिला की मीटर सुरू. म्हणून मी केस बायकोकडून कापून घेतो आणि नळ व्हिडिओ बघून बसवतो. कोथिंबीर मात्र कुंडीसकट दोन युरोला, आणि मिरच्यांबरोबर फुकट घालणारी मावशी इथल्या बाजारात अजून भेटलेली नाही. महागाईचा दर 2022 मध्ये 6.9 टक्के, 2023 मध्ये 5.9 आणि 2024 मध्ये 2.2 झाला, तेव्हा ‘महागाई उतरली’ असे मथळे आले. उतरला तो वाढीचा वेग. मी आलो तेव्हा चार युरोला मिळणारा ड्योनर, म्हणजे मांस भरलेला पाव, आज साडेसातला आहे आणि तो काही परत खाली येत नाही.

राहता राहिली नोकरी, आणि मामांचा खरा प्रश्न तोच होता, कारण मामेभाऊ आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालाय. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं याच बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून असे मजकूर दुप्पट झालेत. चार लाखांचा आकडा हवेतला नाही. म्हातारी होत चाललेली कामगारसंख्या टिकवायला वर्षाला तेवढे लोक बाहेरून लागतील असा इथल्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. पण त्याच देशात ऑगस्ट 2025 मध्ये बेकारांचा आकडा दहा वर्षांत पहिल्यांदा 30 लाखांवर गेला. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षं अर्थव्यवस्था आक्रसली. फोक्सवॅगननं 2030 पर्यंत 35 हजार नोकऱ्या कमी करायचं कामगार संघटनेशी ठरवलंय. टंचाई आहे ती नर्स, बसचालक, इलेक्ट्रिशियन यांची. नुकत्याच पदवी घेतलेल्या इंग्रजीवर भिस्त ठेवणाऱ्या संगणक अभियंत्याची नाही. आणि इलेक्ट्रिशियनला आधी आपलं प्रमाणपत्र इथल्याशी ताडून मान्य करून घ्यावं लागतं, गिऱ्हाइकाशी जर्मनमध्ये बोलावं लागतं. ते नाही जमलं तर नव्यानं उमेदवारी, जिचं पहिल्या वर्षाचं किमान वेतन 2025 मध्ये होतं महिना 682 युरो. साठ लाख नव्हे.

म्हणून मामांना लिहिलं: त्याला पाठवा, पण आधी वर्षभर पुण्यात भाषेच्या वर्गाला घाला, आणि जमीन विकून एजंटला पैसे देऊ नका. एवढं सगळं पाठवलं. दोन दिवसांनी फोन आला, मागून मामीचा आवाज.

‘‘ते बाकीचं कळलं रे. पण ती विचारतेय, घरात ओटाच नसतो, हे खरं?’’