टेलला पाणी येईना

2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं ते भावी शिक्षकानं शाळेत जरा जास्त मुरावं म्हणून. या मुरण्याला आंतरवासिता म्हणतात. सोबत पाठ टाचण, म्हणजे तासाचा आधी लिहून काढलेला आराखडा, निरीक्षण वही आणि ज्ञानरचनावाद. यातला ज्ञानरचनावाद ऐकायला फार सोपा. ज्ञान शिक्षकानं ओतायचं नसतं, मुलंच ते रचतात. आपण बाजूला उभं राहायचं. उभं राहायला कितीशी अक्कल लागते!

माझ्या आंतरवासितेला परभणी जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग, प्रकल्प जायकवाडी धरणाचा. टाचणात उद्दिष्ट लिहिलं, 'विद्यार्थी जलव्यवस्थापनाचे महत्त्व सांगतो.' व्हरांड्यात काळ्या मातीचं धरण, 27 दरवाज्यांसाठी 27 काडेपेट्या आणि पैठणहून निघणारा 208 किलोमीटरचा डावा कालवा थेट हेडमास्तरांच्या दारापर्यंत. काडेपेट्या मधल्या सुट्टीतच जमल्या. गावात विडी किती चालते, यावर वेगळा प्रकल्प झाला असता.

धरणामागच्या नाथसागरात बादली ओतली. पाणी दोन फरश्या पुढं गेलं आणि गुडूप. काळी मातीच ती, पिऊन बसली.

"मॅडम, अस्तरीकरण काहून नाही केलं?"

हे पोरगं तोवर हजेरीपुरतंच बोलायचं. आता त्यानं दुधाच्या पिशव्या आणल्या, ब्लेडनं उभ्या चिरल्या, एकीची कड दुसरीखाली सरकवत कालव्यात अंथरल्या आणि वरून ओल्या मातीनं अंगठ्यानं दाबत गेला. मी बाजूला उभी होते. अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे.

आता पाणी पळालं, पण अर्ध्यावर पुन्हा आटलं. बघते तर हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी बसलेल्या गटानं कालव्यात सलाईनची नळी सोडलेली, तोंडानं ओढून सायफन चालू केलेला आणि दुसरं टोक स्वतःच्या उसात. ऊस खराट्याच्या काड्यांचा.

"हे कुणी शिकवलं रे?"

"शिकवायचं काय त्यात? गावात समदेच करतेत."

विज्ञानाचा एक अख्खा घटक फुकटात झाला, पण माझं टाचण भूगोलाचं होतं.

टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पोरी होत्या. त्यांनी खरी बोंडं चिकटवून कापूस उभा केला होता आणि तो ठणठणीत कोरडा. त्यांनी आधी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार ते विचारलं, मग कालवा निरीक्षक कोण ते विचारलं. वर्गानं एकमतानं माझ्याकडं बोट दाखवलं. लगेच व्हरांड्यात रास्ता रोको. त्यात हेडमास्तरांचा चहा अडकला.

नेमके तेव्हाच आमचे प्राध्यापक पाठ निरीक्षणाला आले. त्यांनी नळी पाहिली, वही काखेत मारली आणि म्हणाले, "पाळी ठरवून दिली का नाही?" सरांची शेतीही टेलला आहे, हे मला तेव्हा कळलं. फरशीवर उकिडवं बसून त्यांनी निकाल दिला: आधी टेल, मग हेड. हेडवाल्यांनी माना डोलावल्या, नळी काढली आणि सरांची पाठ फिरताच परत टाकली. माझ्या वहीत शेरा पडला, 'फलकलेखन सुबक. वर्गनियंत्रण हवे.'

शाळा सुटताना टेलच्या पोरी वहीचं पान घेऊन आल्या. विषय: टेलला पाणी मिळणेबाबत. खाली सगळ्यांच्या सह्या. एकीनं तर पेनाची शाई लावून अंगठाही उठवला होता. मी अर्ज टाचणात ठेवला आणि म्हटलं, "बरं, बघते."

त्या जागच्या हलेनात.

"बघते नको मॅडम. पोच द्या."