अंगठ्याचा ठणका आणि सायटेशनचा आकडा

वैद्यकीय महाविद्यालयात बढती हवी तर पेपर लागतात, आणि त्यावरचा वाद विदर्भात कधी शमत नाही. एक गट म्हणतो, ज्याला सायटेशन नाहीत, म्हणजे ज्याच्या पेपरचा दाखला दुसरे पेपर देत नाहीत, तो संशोधक कसला. दुसरा म्हणतो, ओपीडीची रांग गेटपर्यंत गेलीय, पेपर कसले लिहिता. इथे इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममध्ये बसून हा वाद ऐकताना गाऊटचं, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांध्यात साचण्याच्या दुखण्याचं, उदाहरण सारखं समोर येतं. त्यात दोन्ही गटांची फजिती आहे.

२००६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या युर्ग चोप यांच्या प्रयोगशाळेचा पेपर ‘नेचर’मध्ये आला. सांध्यात साचलेले युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षाराचे) सुईसारखे स्फटिक पांढऱ्या पेशी गिळतात. त्यानं पेशीच्या आतली एनएलआरपी-३ ही यंत्रणा जागी होते आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे जळजळ पेटवणारं प्रथिन बाहेर पडतं. अंगठ्याला चादर लागली तरी माणूस ओरडतो, त्याचं मूळ इथे. या पेपरला हजारो सायटेशन आहेत. पण ते देणारे बहुतेक लोक गाऊटवाले नाहीत. सिलिकाची धूळ, रक्तवाहिनीतले कोलेस्टेरॉलचे स्फटिक, अल्झायमर असे सगळे त्याच यंत्रणेकडे वळले. काम अव्वलच होतं, पण आकडा फुगला तो शेजारच्या विषयांमुळे. ‘पेपर कसले लिहिता’ म्हणणाऱ्यांनी पुढचंही बघावं: जळजळ थांबवली तर हृदयाला फायदा होतो का, हा प्रश्न याच काळात ऐरणीवर आला. २०१९ मध्ये ४,७४५ रुग्णांवरच्या कोलकॉट चाचणीत हार्ट अटॅकनंतर रोज ०.५ मिग्रॅ कोल्चिसिन, हे गाऊटचंच जुनं औषध, दिल्यावर पुढचे धोके घटलेले दिसले. हे कोल्चिसिन आपल्या बांधावरच्या कळलावीतही असतं. म्हणून तिचा कंद खाल्लेला माणूस आधी हगवण-उलटीनं आणि मग अवयव बंद पडून जातो. झाडपाला म्हणून ती कुणी देत असेल तर हात धरून थांबवा.

आता दुसरा पेपर. २०१८, ‘लॅन्सेट’, हा नॉटिंगहॅमचाच. ५१७ रुग्ण, दोन वर्षं. निम्म्यांकडे प्रशिक्षित नर्सनं लक्ष दिलं: आजार समजावला, रक्त तपासलं, युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल हळूहळू वाढवलं. बाकीचे नेहमीच्या डॉक्टरांकडे. युरिक ॲसिड ठरलेल्या पातळीखाली आलं ते नर्सकडच्या ९५ टक्क्यांचं आणि डॉक्टरांकडच्या ३० टक्क्यांचं. औषध दोन्हीकडे तेच जुनं. सायटेशनमध्ये हा पेपर लोझानच्या आसपासही नाही, पण वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-समुद्रपूरकडच्या रुग्णाला उपयोगी हाच.

कारण तिकडे चुकतं ते इथेच. गाऊटला सरसकट ‘वात’ म्हणतात आणि डायक्लो-डेक्साचं (वेदनाशामक आणि स्टेरॉइड) इंजेक्शन मिळतं. ठणका दोन दिवसांत बसतो, युरेट तसंच राहतं, मूत्रपिंड मात्र झिजतं. ऐन झटक्यात केलेलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. मग ‘गाऊट नाही’ म्हणून माणूस घरी. तपासणी झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करायची असते. ताप आणि एकच सांधा लाल असेल तर आधी सुई घालून सांध्यातलं पाणी काढून बघा, पू असू शकतो.

झटका सुरू झाल्यापासून बारा तासांत कोल्चिसिन १ मिग्रॅ, तासाभरानं ०.५ मिग्रॅ, मूत्रपिंड अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर नको. खरा उपचार नंतरचा. ॲलोप्युरिनॉल १०० मिग्रॅपासून, किडनीचा त्रास असेल तर ५० पासून. साधारण चार आठवड्यांनी तपासून वाढवत न्यायचं, रक्तातलं युरिक ॲसिड डेसिलिटरला ६ मिग्रॅच्या खाली येईपर्यंत. ६.८ च्या वर ते रक्तात विरघळून राहू शकत नाही, म्हणून ६. थेट ३०० नं सुरुवात केली की जुने स्फटिक हलतात, झटका येतो आणि घरचे म्हणतात, ‘गोळीनंच वाढवलं बाप्पा.’ गोळी बंद. म्हणून पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिनची छोटी मात्रा सोबत ठेवायची. अंगावर पुरळ दिसलं तर मात्र त्याच दिवशी ॲलोप्युरिनॉल थांबवायचं.

आणि वरण बंद करू नका. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ४७ हजार पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीत मांस-मासळीनं धोका वाढला, डाळी-भाज्यांनी नाही. ते अमेरिकन पुरुष होते, आपले शेतमजूर नव्हेत, हे मान्य. पण तुरीच्या पट्ट्यात माणसाचं वरण तोडायला याहून भक्कम पुरावा लागेल. त्याआधी बीपीची पाणी काढणारी गोळी, दारू आणि चंद्रपूरच्या मे महिन्यातलं कमी पाणी पिणं तपासा.

इथेही सगळं सरळ नाही. ब्रिटनच्या २०२१ च्या विद्यापीठ मूल्यमापनात २५ टक्के गुण संशोधनानं समाजात काय बदललं याला होते, आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन, तो आकडा) मोजायला मनाई होती. मग त्या बदलाच्या कहाण्या लिहायलाच विद्यापीठांनी माणसं नेमली! तरी प्रश्न योग्य विचारला गेला. आपल्याकडे तो विचारायला गडचिरोली पुरेशी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्यावरचा पेपर १९९९ चा, तोही ‘लॅन्सेट’मधला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी जाते त्याची सुरुवात तिथली. त्या फेऱ्या कुठल्या एच-इंडेक्सात, म्हणजे संशोधकाच्या सायटेशनवरून काढलेल्या आकड्यात, धरणार?

सेवाग्रामसारख्या महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागानं दोन तालुके घ्यावेत, उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्याला वर लिहिलेली मात्रांची पायरी शिकवावी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि युरिक ॲसिड तपासण्याची सोय करावी, आणि वर्षानं मोजावं: किती जण ६ च्या खाली आले, किती जणांना वर्षात दोनदा झटका आला. या कामाला बढतीच्या फॉर्मवर वेगळा रकाना हवा.