‘कोर्ट ठरवेल’ हे मंत्रिपद न सोडण्याचं कारण होत नाही

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मंत्र्यावर कितीही आरोप होवोत, कोर्टात गुन्हा सिद्ध होईपर्यंत राजीनामा मागायचा नाही. लोकांनी निवडून दिलंय, लोकच पाच वर्षांनी बघून घेतील. फायली अधिकारी तयार करतात, मंत्री फक्त सही करतो. राजीनामा म्हणजे गुन्ह्याची कबुली. आणि आधीच खान्देशाच्या वाट्याला मंत्रिपदं कमी, त्यात आपलाच माणूस कशाला घालवायचा? एरंडोलच्या मामांनी मला तो पाठवला आणि खाली स्वतःची ओळ जोडली, “आपला मानूस शे भाऊ.”

मामांना फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा मजकूर पाठवणारे बहुतेक लोक मामांसारखेच सरळ आहेत.

पहिला मुद्दा कोर्टाचा. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व मलाही प्रिय आहे. पण ते माणसाला तुरुंगात टाकण्याआधी पाळायचं तत्त्व आहे. मंत्रिपद हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे. राज्यघटनेच्या १६४व्या अनुच्छेदानुसार मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने नेमले जातात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. जबाबदार सभागृहाला, म्हणजे आपल्याला. या खुर्चीवर राहण्याइतका विश्वास उरला आहे का, हे कोर्ट ठरवत नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टासमोर हाच विषय आला होता. गंभीर गुन्ह्याचे आरोप निश्चित झालेल्यांना मंत्रिमंडळात घेऊ नये अशी अपेक्षा कोर्टाने व्यक्त केली आणि निर्णय पंतप्रधान व मुख्यमंत्र्यांच्या विवेकावर सोडला. म्हणजे ज्या कोर्टाकडे हा मेसेज बोट दाखवतो, त्यानेच हा प्रश्न राज्यकर्त्यांकडे परत पाठवलाय.

आणि लोकप्रतिनिधीला निकालाआधी घरी पाठवता येत नाही, हे निदान जळगाव जिल्ह्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेताना काही खासदार छुप्या कॅमेऱ्यात दिसले. १२ तारखेला ते टीव्हीवर आलं, २३ तारखेला संसदेने अकरा जणांना बडतर्फ केलं. त्या अकरांत दोन आपले होते, जळगावचे आणि एरंडोलचे. जिल्ह्याच्या दोन्ही जागा एका दिवशी रिकाम्या झाल्या. खटल्याच्या निकालासाठी कुणी थांबलं नाही, आणि २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने संसदेचा तो अधिकार मान्य केला. मामांना हे आठवलं. पुढच्या पोटनिवडणुकीला ते रांगेत उभे होते.

कोर्टासाठी थांबायचं म्हणजे किती थांबायचं? जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांसाठीच्या घरांच्या योजनेतल्या घोटाळ्यात, गुन्हा नोंदला गेला फेब्रुवारी २००६ मध्ये. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला ३१ ऑगस्ट २०१९ ला. साडेतेरा वर्षं. दोषी ठरलेल्या ४८ जणांत दोन माजी मंत्री होते. त्यांनी वर अपील केलं, तो त्यांचा हक्कच. पण ज्या गरिबांसाठी ती घरं होती, त्यांची पोरं या साडेतेरा वर्षांत भाड्याच्या खोलीत मोठी झाली.

गावातला तलाठी सात-बाराच्या नोंदीसाठी पैसे घेताना सापळ्यात सापडतो. ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला, की नियमानेच निलंबित मानला जातो. दप्तराचं कपाट दुसऱ्याच्या ताब्यात जातं, किल्ली दुसऱ्याकडे. खटला पुढे कितीही वर्षं चालो, तोवर त्याला त्या फेरफारांना हात लावता येत नाही, आणि त्याच्यावर कुणी अन्याय केला असं आपण म्हणत नाही. सरपंचाने गैरवर्तन केलं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली प्रकरण नाशिकला विभागीय आयुक्तांकडे जातं आणि चौकशीअंती पद जातं. तिथेही फौजदारी निकालाची वाट बघत नाहीत. मंत्र्याकडे तर अख्ख्या खात्याच्या किल्ल्या असतात. ज्या अधिकाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध कागद द्यायचे, त्यांच्या बदल्या त्याच्याच हातात असतात. चौकशी होईपर्यंत त्याने बाजूला व्हावं, ही मागणी एवढ्यासाठीच आहे.

‘लोकांनी निवडून दिलंय’ हे अर्धंच खरं. आपण आमदार निवडतो. मंत्री आपण निवडत नाही, मुख्यमंत्री निवडतात. राजीनामा मंत्रिपदाचा मागितला जातो, आमदारकी तशीच राहते.

सहीचा मुद्दा १९५८ सालीच निकालात निघाला. आयुर्विमा महामंडळाचा पैसा हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत गुंतवला गेला, फिरोज गांधींनी लोकसभेत ते बाहेर काढलं. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणाले, हे सचिवांनी परस्पर केलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने स्पष्ट सांगितलं, की सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागेल. कृष्णम्माचारींनी पद सोडलं. पुढे ते पुन्हा अर्थमंत्रीही झाले. अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर १९५६ मध्ये राजीनामा दिलेले लालबहादूर शास्त्री तर पंतप्रधान झाले. राजीनाम्याने माणूस संपत नाही, की गुन्हेगार ठरत नाही.

आता आपल्या माणसाचा मुद्दा, कारण दुखतं तिथे. जून २०१६ मध्ये मुक्ताईनगरच्या एकनाथ खडसेंनी भोसरीच्या जमिनीवरून झालेल्या आरोपांनंतर महसूलमंत्रिपद सोडलं. आरोप त्यांनी कायम नाकारले. त्याच मंत्रिमंडळातल्या इतरांवरही आरोप झाले होते, ते राहिले. खान्देशात तो सल अजून आहे आणि तो खोटा नाही. पण त्यातून ‘आपल्यालाही सोडा’ ही मागणी निघत नाही. मागणी निघते ती दोन्हीकडे एकच माप लावण्याची. आणि दुसरी अशी, की त्या प्रकरणी नेमलेल्या झोटिंग समितीचा अहवाल २०१७ मध्ये सरकारकडे गेला, तो वेळेत सभागृहासमोर यायला हवा होता. तो वर्षानुवर्षं दाबून राहिला, म्हणून आरोप करणाऱ्यांनाही उत्तर मिळालं नाही आणि खडसेंनाही. राजीनामा आज, चौकशीला मुदत, आणि अहवाल पुढच्याच अधिवेशनात पटलावर : मेसेज फॉरवर्ड करण्याऐवजी आपल्या आमदाराकडे या तीन गोष्टी शब्दशः लेखी मागा, मग मंत्री चाळीसगावचा असो, शहाद्याचा असो की बारामतीचा.