वणवा लागल्यास विमान कसे मागवावे

डोंगर पेटलेला दिसला की सर्वप्रथम जागचे हलू नका. खुर्ची गॅलरीत ओढा, फोन आडवा धरा, चित्रीकरण करा आणि गावच्या ग्रुपवर टाकून खाली एवढंच लिहा : 'विमान कुठाय?'

गेल्या आठवड्यात आमच्या गावामागचा डोंगर जळत होता, तेव्हा जाणकारांनी नेमकं हेच केलं. वर वनरक्षक, हंगामी मजूर आणि गावातली चार पोरं निर्गुडीच्या डहाळ्यांनी आग झोडपत होती. डहाळी दहा-बारा फटक्यांत करपते, मग दुसरी तोडायची. ओलं गोणपाट नेलेलं, ते वरच्या टप्प्यावर पोचेपर्यंत कोरडं. आणि खाली ग्रुपवर ग्रीसमधल्या पिवळ्या विमानाचा व्हिडिओ, 'आपल्याकडे हे का नाही?' असा सवाल, आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. पुण्या-मुंबईतून सुद्धा. तेव्हा अशा सर्व चिंताक्रांत ग्रामस्थांसाठी हे थोडं मार्गदर्शन.

आधी विमान निवडा. व्हिडिओतलं ते पिवळं-लाल विमान म्हणजे कॅनडाचं सीएल-४१५. तलावाच्या पाण्याला पोट घासत जातं आणि बारा सेकंदांत सहा हजार लिटर भरून वर उठतं. त्यासाठी त्याला पुढे-मागे डोंगर आडवा न येणारं, किलोमीटरभराहून लांब सरळ पाणी लागतं आणि खोली निदान दोन मीटर. आपला पाझर तलाव आहेच. मार्चमध्ये त्यात म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहते, पण वैमानिक काहीतरी जमवेल. कोयनेचा शिवसागर आहे की, असं एका काकांनी लिहिलं. आहे ना काका. शिवसागर आहे, विमान नाही.

लहान नको, मोठंच हवं असेल तर आगीवर पाणी टाकणारं ते बोइंग ७४७ मागवा. एका खेपेत सुमारे चौऱ्याहत्तर हजार लिटर वाहून न्यायचं. ते चालवणारी कंपनी २०२१ मध्ये बंद पडली आणि विमान मालवाहतुकीला गेलं. फोटो मात्र आपल्या ग्रुपवर अजून सेवेत आहे.

मागणी शक्यतो रात्री करा. अंधारात, धुरात, घळीत हेलिकॉप्टर घालायला वैमानिक उत्सुकच असतात.

लाल रंग सोडणारं विमान हवं असल्यास तसं स्पष्ट नमूद करा. तो रंग म्हणजे लोहभस्म, पडलेली जागा वरून ओळखू यावी म्हणून घातलेलं. मुख्य माल अमोनियम फॉस्फेट, म्हणजे शेतात टाकतो त्यातलंच खत. आणि ते बहुतेक वेळा आगीवर टाकतच नाहीत. आगीच्या पुढे, अजून न पेटलेल्या गवता-झुडपांवर पट्टा ओढतात, म्हणजे आग तिथे येऊन मंदावते आणि मागून माणसं पोचून ती विझवतात. थोडक्यात, आकाशातून काढलेली जाळरेषा. जाळरेषा आठवते ना? वनविभागानं जानेवारीत बोलावलं होतं. पट्ट्यातलं गवत कापून, जाळून मोकळं करायचं, एवढंच काम. त्या दिवशी तुमच्याकडे सुपारी फोडायची होती. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना तिचं जेवण होतं.

आता हेलिकॉप्टर. हे मात्र आपल्याकडे खरंच येतं, त्यामुळे हट्ट धरायला हरकत नाही. हवाई दलाच्या एमआय-१७ ला खाली दोरानं बादली लटकवतात. २०२१ मध्ये नागालँडच्या जुकू खोऱ्यात हे केलं, २०२२ मध्ये राजस्थानच्या सरिस्का जंगलात, २०२३ च्या मार्चमध्ये आपल्या शेजारी गोव्यात म्हादई अभयारण्य पेटलं तेव्हा नौदल आणि हवाई दल दोन्ही आले. २०२४ मध्ये नैनिताललाही हेच, पाणी भीमतालमधून. पण त्या बादलीत येतं साधारण साडेतीन हजार लिटर. आपल्याकडे एप्रिलमध्ये जो पाण्याचा टँकर येतो, तो याहून जास्त आणतो आणि तो दोन गल्ल्यांना पुरत नाही म्हणून तुम्हीच भांडता. शिवाय हेलिकॉप्टर फार खाली आलं तर पात्यांच्या वाऱ्यानं निखारे उडून आग भडकते, फार वर राहिलं तर पाण्याचा शिडकावा होतो आणि बरंचसं वाटेतच विरतं. म्हादईत वरून पाणी पडत होतं तेव्हा खाली वनकर्मचारी आणि गावकरी पायी चढून धुमसते ओंडके विझवतच होते. ते कोणी व्हिडिओत घेतलं नाही. आणि आपला वणवा तर गवताचा. तहसीलदारांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून मंत्रालयात आणि तिथून हवाई दलाकडे विनंती जाईपर्यंत सोंडेवरून पठारावर गेलेला असतो. पण तुम्ही लिहीत राहा.

हेलिकॉप्टर येईपर्यंत वेळ जात नसेल तर ड्रोन उडवा. हा सल्ला विशेषतः आमच्या गावातल्या त्या उदयोन्मुख कलाकारासाठी, ज्यानं त्या संध्याकाळी धुराच्या बरोबर वर ड्रोन नेऊन, मागे संगीत लावून रील केली. छान आली हो. ज्वाळांची रांग काय, सोनेरी उजेड काय! जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला पॅसिफिक पॅलिसेड्स जळत असताना एका सद्गृहस्थाला असंच पाहावंसं वाटलं. पार्किंगच्या गच्चीवरून ड्रोन सोडला, तो दोन-अडीच किलोमीटर जाऊन दिसेनासा झाला आणि थेट क्यूबेकहून आलेल्या सीएल-४१५ च्या डाव्या पंखात घुसला. पंखाला भोक. वैमानिकांना कळलंसुद्धा नाही, उतरल्यावर दिसलं. हजारो घरं जळत असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर. त्या गृहस्थानं पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. कबुलीनं घरं परत येत नाहीत. ही विमानं झाडांच्या शेंड्यांवरून थोड्याच उंचीनं, धुरात, वेड्यावाकड्या वाऱ्यात जातात. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात असं एक हर्क्युलिस पडलं, तिघे गेले. २०२३ मध्ये ग्रीसच्या एव्हिया बेटावर पाणी टाकून वळताना एक विमान डोंगरावर आदळलं, दोन्ही वैमानिक गेले. अशा आगीवर हवेत एक ड्रोन दिसला तरी सगळी विमानं मागे बोलावतात. सगळी! आणि तू, बाळा, खाली पोरांचे पाय भाजत असताना 'अजून थोडं डावीकडे घेतो' म्हणत होतास. चार हात तिथे कमी होते, त्यातले दोन तुझ्या रिमोटवर होते.

जाऊ द्या. मार्गदर्शन बास.

विमान विमान करताय, आग लावली कोणी? वीज पडली नव्हती मार्चमध्ये. गवत जाळलं की पावसात चांगलं फुटतं, असं सांगत दरवर्षी कोणीतरी काडी ओढतं. गवत फुटतं ते पावसानं. जाळल्यानं जातं ते बी, सरडे, तित्तिरांची अंडी आणि पहिल्या सरीबरोबर वरची माती. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या मुलांनी लावलेली करंज-जांभळं बघून या एकदा. आळ्यात काळ्या काड्या उभ्या आहेत आणि ठिबकची नळी वितळून दगडाला चिकटलीय. कोणी राब भाजून निखारे तसेच सोडतो, कोणी शनिवारी टेकडीवर कोंबडी भाजून घरी जातो. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, पण तक्रारीवर सही करायला एक माणूस पुढे येत नाही. या वेळी काडी कोणी लावली हे आख्ख्या गावाला माहीत आहे. तो ग्रुपवर आहे. त्यानंही हात जोडलेले पाठवलेत.

एवढीच कळकळ असेल तर १९२६ हा वनविभागाचा नंबर फोनमध्ये टाका आणि धूर दिसल्या दिसल्या लावा, चित्रीकरण झाल्यावर नाही. आणि येत्या जानेवारीत जाळरेषेच्या दिवशी कोयता घेऊन सकाळी सातला मारुतीच्या देवळापाशी या. सुपारी दुपारी फोडा.